आण्णांनी पुरं केलेलं काम

विट्याच्या आसपासच्या गावांत बाप म्हणजे बहुतेक वेळा फोनवरचा आवाज असतो. आमच्याकडचे पुरुष गलाईवाले. देशातल्या कुठल्या तरी शहरात सराफांच्या गल्लीत एक खोली घ्यायची, भट्टी मांडायची आणि लोकांचं जुनं, भेसळीचं सोनं गाळून चोख करून द्यायचं, हा धंदा. माझे वडील, आण्णा, माझ्या जन्माआधीपासून कोइमतूरला होते. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला यायचे, बॅगेतून केळ्याचे वेफर्स काढायचे, पाहुण्यांना जेवू घालायचे आणि परत जायचे. शाळेत कुणी 'वडील काय करतात' म्हणून विचारलं की मी 'गलाई' म्हणायचे. विचारणारीचे वडीलही तेच करत असल्याने विषय तिथंच मिटायचा.

ते कसल्या खोलीत राहतात, जेवण कोण करतं, दिवसभर कुणाशी बोलतात, यातलं मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत काहीही ठाऊक नव्हतं. आई लग्नानंतर एकदा जाऊन आली होती. "लय उकाडा आणि लय नारळ," एवढंच तिचं त्या शहराबद्दलचं मत होतं आणि ते तिने कधी बदललं नाही.

मी सांगलीला इंजिनिअरिंगला होते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प निवडताना बाकीच्यांनी कॉम्प्युटरवर उरकतील असले विषय धरले आणि मी आमच्या सरांच्या नादी लागले. सर मूळचे साताऱ्याचे, बोलायला तोलूनमापून आणि कामाच्या बाबतीत हट्टी. त्यांनी गाड्या धुवायच्या पंपापासून एक यंत्र जुळवलं होतं. वितळलेल्या तांब्याची बारीक धार वरून सोडायची आणि तिच्यावर चारी बाजूंनी पाण्याचे जोरदार फवारे मारायचे. धार फुटते, थेंब जागच्या जागी गोठतात आणि खाली पिंपात तांब्याची पावडर जमते. ही पावडर साच्यात दाबून, भाजून पंपाचे बुश करता येतात. तांबं आम्ही मोटारी भरून देणाऱ्या दुकानांतून आणायचो. आमच्या भागात उसाला पाणी पाजून पाजून मोटारी जळतात, त्यांच्या वाइंडिंगची तार भंगारात येते, तेच आमचं सोनं.

हे सांगायला सोपं आहे. करायला घेतलं तेव्हा कधी धार मधेच गोठायची, कधी पंप रुसायचा, कधी पावडरीऐवजी तांब्याच्या शेवया निघायच्या. वॉचमनकाका रोज दारातून विचारायचे, "आज काय, शेव का पापडी?" मला राग यायचा, पण ते खरंच तसं दिसायचं. महिनोन्‌महिने असं झाल्यावर एकदाची चांगली पावडर पडली. धुऊन, वाळवून, चाळून मी ती एका प्लास्टिकच्या बाटलीत भरली. गुलाबी झाक असलेली, मैद्यासारखी मऊ. ती बाटली मी हॉस्टेलवर उशाशी ठेवत होते असं मैत्रिणी सांगतात. उशाशी नाही, टेबलावर ठेवत होते.

त्याच सुमाराला सरांनी मला एका अनुदानाचा अर्ज भरायला लावला. धातूची पावडर बनवणाऱ्या लोकांची देशपातळीवरची परिषद होती. तिथं स्वतःचं काम मांडायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च मिळणार होता. मी नको म्हणणार होते. मग परिषद कुठे आहे ते वाचलं. कोइमतूर.

ऑनलाइन मुलाखतीत त्यांनी विचारलं, याच परिषदेला का यायचंय. मी पाठ केलेलं उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवलं. ते खोटं नव्हतं, पण निम्मंच होतं. उरलेलं निम्मं असं की मला माझा बाप कुठे राहतो ते बघायचं होतं, आणि त्यासाठी कुठलीच संस्था अनुदान देत नाही.

अनुदान मिळालं. आमच्या कॉलेजला पहिल्यांदाच. त्यात अट एकच होती, नुसता माहितीचा तक्ता लावून चालणार नाही, केलेल्या कामाचा नमुना परीक्षकासमोर ठेवायचा आणि त्याबद्दल बोलायचं. नमुना नसेल तर अनुदान रद्द. निघताना सर म्हणाले, "तुझं नीट झालं तर पुढच्या वर्षी आपल्या दोन मुलांना पाठवतील. फसलं तर आपल्याकडे पुन्हा बघणार नाहीत." सर असंच धीर द्यायचे.

मिरजेहून गाडी, बंगळूरला बदलून दुसरी गाडी. स्टेशनवर आण्णा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. जत्रेत दिसतात त्यापेक्षा बारीक वाटले. आम्ही दोघंही एकमेकांच्या हातातली बॅग ओढत राहिलो.

खोली म्हणजे पुढे दुकान, मागे संसार. पुढच्या भागात भट्टी, काटा, धातू वितळवायच्या मुशी, धूर जायचा पंखा. मागे एक पलंग, गॅसची शेगडी, दोन ताटं, गावच्या देवाचा फोटो आणि माझा दहावीतला फोटो, त्यात मी दोन वेण्या घालून भांडायला निघाल्यासारखी दिसते. दाराशी हात धुवायला पाण्याचा एक टब होता. नळाखाली हात धुतला तर हाताला लागलेला सोन्याचा कण गटारात जातो, म्हणून गलाईवाले टबात हात धुतात आणि ते पाणी गाळून घेतात. केरसुद्धा फेकत नाहीत. तो पोत्यात साठवून पुढे जाळून त्यातलं सोनं काढतात. हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा माणूस इथं किती वर्षं एकटा हात धुतोय.

बॅग उघडली तर बाटलीच्या झाकणाला चीर गेलेली. थोडी पावडर कपड्यांवर सांडली होती. मी ओरडलेच. आण्णा धावत आले, कागद पसरला आणि मऊ ब्रशने कण न्‌ कण गोळा करून बाटलीत परत भरला. मला तक्ता लावायला सभागृहात जायचं होतं, नमुना दुसऱ्या दिवशी लागणार होता. मी म्हणाले, "आण्णा, उद्यापातूर एवढी सांभाळा. ही गेली तर माझं समदं गेलं."

"तू जा बिनघोर," ते म्हणाले. "माझ्याकडं दिलंयस न्हवं?"

मी बिनघोर गेले. तक्ता लावला, भल्यामोठ्या कंपन्यांचे स्टॉल पाहिले. नागपूरच्या एका मुलीशी ओळख झाली, तिनेही अनुदानावरच आपला नमुना आणला होता, पण काचेच्या नळीत, सीलबंद. मला हेवा वाटला. चार वाजता परतले तेव्हा आण्णा दारातच बसले होते आणि त्यांचा चेहरा फुललेला होता. असा चेहरा मी जत्रेत पालखी अंगणात येते तेव्हाच बघितलेला. त्यांनी खिशातून सराफी गुलाबी कागदाची पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. जड होती. उघडली. आत तांब्याची लगड होती, सुपारीपेक्षा थोडी मोठी, घासून लख्ख केलेली.

"कसं झालंय?" आण्णा म्हणाले. "टाकणखार घालून वर कोळसा टाकला, अजिबात काळं पडू दिलं न्हाई. आता सांडायची भीती न्हाई, काय न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग फडताळावर ती बाटली दिसली, रिकामी आणि पुसलेली.

त्यांचं काय झालं होतं ते आज मला नीट कळतं. गलाईत सोनं तेजाबात विरघळवतात, मग ते तळाशी तपकिरी पावडर होऊन बसतं. ती धुवायची, वाळवायची आणि मुशीत वितळवून लगड पाडायची, मग काम झालं. गलाईवाल्याच्या लेखी पावडर म्हणजे अर्धं काम. पोरगी अर्धं काम घेऊन आली, झाकण तडकलेलं, उद्या मोठ्या लोकांना दाखवायचंय, आणि 'सांभाळा' म्हणून सांगून गेली. कुणी गिऱ्हाईक पावडर देऊन सांभाळा म्हणालं असतं तर आण्णांनी हेच केलं असतं. माझ्यासाठी त्यांनी ते जास्त मन लावून केलं. फोनवर मी वर्षभर 'तांब्याची पावडर करत्या' म्हणून सांगत होते आणि ते 'व्हय व्हय' म्हणत होते. पावडर हीच शेवटची वस्तू असते हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात ते सांगायचं आलं नव्हतं.

पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी तोंडाचा पट्टा सोडला. "आवं आण्णा, काय केलंसा ह्ये? कुणी सांगितलं हुतं तुमाला? पावडरच दावायची हुती मला! लगड काय करू घिऊन, डोक्यावर मारून घिऊ?" शेजारच्या दुकानातला गलाईवाला, तोही आमच्याच तालुक्यातला, दारात डोकावला आणि मुकाट्याने मागे सरला. आण्णांचा फुललेला चेहरा उतरताना मी बघितला आणि तरी थांबले नाही. मी चिडले की थांबत नाही, आईवर गेले आहे.

ओरडून झालं आणि रडू आलं. सरांना फोन करायचं धाडस होईना. पुढच्या वर्षीची ती दोन मुलं डोळ्यासमोर येत होती. कोण असतील ते मला ठाऊकही नव्हतं, पण ती माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं.

"परत करता यील का?" आण्णांनी हळूच विचारलं. "भट्टी हाय. पाण्याचा पाइप हाय."

मी नकारार्थी मान हलवली. तक्त्यावर कणांची मापं लिहिली होती ती त्या पावडरीची होती. दुसरी कुठली तरी भुकटी करून तिच्यापुढे ती मापं ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपला फोटो लावणं. आणि पाइपने पावडर झाली असती तर मी आणि सर इतके दिवस शेवया कशाला पाडत बसलो असतो!

आण्णांची नजर फरशीवर गेली. मग उठले. आधी ब्रश उचलून कागदावर झटकला. मग बाटली थोड्या पाण्याने विसळली आणि ते पाणी वाटीत धरलं. मग जिथं पावडर मुशीत ओतली होती तिथली फरशी झाडली, पंख्याखालची फळी झाडली, आणि त्या दुपारचा केर पोत्यात न टाकता वेगळा काढला. "आज दुसरं कायबी गाळलं न्हाई," ते म्हणाले. "दुकान सकाळीच झाडून घेतलं हुतं, तू येणार म्हणून. ह्यात निघंल ती तुझीच."

तो केर त्यांनी थाळीत घेतला आणि पाण्यात हळूहळू हेलकावत राहिले. माती, राख, केस वर येऊन पाण्याबरोबर वाहून जात होते, आणि ते पाणीही दुसऱ्या भांड्यात जात होतं. मी डोळे पुसून शेजारी बसले. आम्ही बापलेक इतका वेळ एकमेकांच्या शेजारी कधी बसलो होतो मला आठवत नाही. थाळीच्या तळाला एक गुलाबीसर रेघ दिसायला लागली. वाळवल्यावर ती चिमूटभर झाली. जेवताना ताटात मीठ वाढतात तेवढी.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी दुकान बंद ठेवलं. शेजारचा गलाईवाला चकित झाला, कारण जत्रेशिवाय ते दुकान बंद राहात नाही. कालचाच शर्ट, पुन्हा इस्त्री केलेला. सभागृहात ते माझ्या तक्त्यापासून चार हात लांब, खांबाला टेकून उभे राहिले. टेबलावर मी रिकामी बाटली ठेवली, चिमूटभर पावडरीची पुडी ठेवली आणि बराच विचार करून लगडही ठेवली.

परीक्षक म्हणून चष्मा लावलेल्या एक वयस्क बाई आल्या, कोइमतूरच्याच. त्यांनी तक्ता वाचला, प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. मग म्हणाल्या, "नमुना?" मी पुडी पुढे केली. "एवढाच?" मी म्हणाले, एवढाच उरलाय, आणि हा झाडून, धुऊन घेतलेला आहे, त्यात बाहेरचं काही मिसळलेलं असू शकतं. बाकीचा हा इथं आहे. असं म्हणून लगडीकडे बोट दाखवलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. नमुना वितळवून आणणारी विद्यार्थिनी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. मी इंग्रजीत सांगायला लागले आणि 'माय फादर'च्या पुढे गाडी जाईना.

तेवढ्यात आण्णा खांब सोडून पुढे आले आणि बोलायला लागले. तमिळमध्ये. माझ्या बापाला तमिळ येत असणार हे मला तर्काने ठाऊक होतं, इतकी वर्षं तिथं काढली म्हटल्यावर. पण मी ती कधी ऐकली नव्हती. घरी जेमतेम 'व्हय', 'बरं', 'बघू' एवढं बोलणारा हा माणूस तिथं भरभर, हातवारे करत, कुठेही न अडखळता बोलत होता. एकदा माझ्याकडे हात केला, एकदा लगडीकडे, एकदा स्वतःच्या छातीवर ठेवला. मला एकही शब्द कळत नव्हता. त्या बाई काहीतरी विचारत होत्या, ते सांगत होते, मधेच त्या हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. मला वाटलं, आईला हे दाखवायला हवं होतं.

बाईंनी पुडीतली पावडर चिकटपट्टीवर घेतली, भिंगाखाली बराच वेळ पाहिली. तक्त्यावरच्या फोटोतले कण आणि हे कण एकाच घरचे आहेत ना, ते ताडून बघितलं असावं. मग सही केली. जाताना मला इंग्रजीत म्हणाल्या, "पुढच्या वेळी निम्मा नमुना कॉलेजात ठेवून येत जा." बक्षीस मला मिळालं नाही, नागपूरच्या मुलीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. माझं अनुदान तेवढं शाबूत राहिलं. सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला. मग लांबून कुणीतरी तोंड दाबून हसतंय असा आवाज आला.

परतताना स्टेशनवर मी आण्णांना विचारलं, "त्या बाईंना काय सांगितलंसा?"

"काय न्हाई. म्हणलं, पोरीचं न्हाई, माझं चुकलं."

"एवढंच? लय येळ बोलत हुतासा."

"तमिळ लांबडी भाषा हाय," आण्णा म्हणाले आणि केळ्याचे वेफर्स आणायला गेले. गाडी हलायच्या वेळी त्यांनी खिडकीतून लगडीची ती गुलाबी पुडी माझ्या हातात कोंबली. "ह्याची परत पावडर कर," ते म्हणाले. "ह्या बारीला हात लावत न्हाई मी."

मी केली. त्या लगडीत आणखी वाइंडिंगची तार घातली, कारण तेवढ्याने धार पडत नाही. या वेळी वॉचमनकाकांना विचारायला काही जागा राहिली नाही. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजची दोन मुलं परिषदेला गेली. मी तोपर्यंत सरांच्याच हाताखाली प्रयोगशाळेत कामाला लागले होते, आणि त्या दोघांना निम्मा नमुना इथं ठेवायला मी दरडावून सांगितलं.

त्या वर्षी आण्णा जत्रेला आले ते घरी बॅग टाकून दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने सांगलीला आले. कुणाला काही न सांगता. प्रयोगशाळेच्या दारात चपला काढायला लागले, मी नको म्हणाले तरी काढल्याच. मी त्यांना यंत्र दाखवलं, पंप दाखवला, पिंप दाखवलं. ते सगळं बघत होते, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून. धातूचं काम करणारा माणूस काही नवीन दिसलं की आधी हात लावून बघतो. आण्णांनी मात्र सगळ्या खोलीत कशालाही बोट लावलं नाही.

मी बाटली उघडून पुढे केली. "घ्या की हातात."

"नको. तूच दाव."

मग मीच त्यांचा हात पाठीमागून ओढून पुढे आणला आणि तळव्यावर पावडर ओतली, चिमूटभर नाही, चांगली चमचाभर. त्यांनी ती अंगठ्याने पसरून पाहिली, उजेडाकडे धरून पाहिली. "लय मऊ हाय गं," ते म्हणाले. "आणि ह्ये असंच ऱ्हातं?"

"असंच ऱ्हातं. हेच शेवटचं काम."

त्यांनी तळवा बाटलीवर तिरका करून पावडर परत ओतली, करंगळीने झटकली, पुन्हा झटकली. तरी हाताच्या रेषांत ती गुलाबी राहिलीच. कोपऱ्यात बेसिन होतं, साबण होता, मी तिकडे हात दाखवला. आण्णा बेसिनपाशी गेले, नळाला हात घातला आणि थांबले. खाली वाकून पाइप कुठे जातो ते बघितलं.

"ह्ये पाणी कुठं जातं?"

"गटारात, आण्णा. अजून कुठं?"

त्यांनी नळ उघडलाच नाही. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि त्याच हातांनी चपला घालून, विट्याच्या एस.टी.त खिडकीपाशी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून घरी गेले. आईचा संध्याकाळी फोन आला, "ह्यांनी हात का धुतलं न्हाईत गं? तसंच जेवायला बसल्यात, चमच्यानं."